जुनी मॅच रायफल हाती आली, तर आधी वही काढा

शिकारीची बंदूक घरातला कोणीही खांद्याला लावू शकतो. नेमबाजीच्या स्पर्धांसाठीच्या मॅच रायफलचं तसं नसतं. खांद्याला टेकणाऱ्या बटची लांबी, गालाच्या पट्टीची उंची, पुढच्या हाताला अडवणाऱ्या हँडस्टॉपची जागा, नेम धरायच्या साईटचे क्लिक, ट्रिगरचा भार, हे सगळं एकाच नेमबाजाच्या अंगाला वर्षानुवर्षं जुळवत आणलेलं असतं. तो नेमबाज थांबतो किंवा जातो, रायफल मुलांकडे, पुतण्याकडे किंवा एखाद्या संग्राहकाकडे येते, आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी हौसेने ढिले स्क्रू आवळतं, बट आपल्या मापाला सरकवतं, स्टॉकवरची मळकी चिकटपट्टी सोलून काढतं. त्या अर्ध्या तासात जे जातं ते नंतर कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: परवाना, मापांची नोंद, जुने कागद, माणसांना विचारणं, आणि तेल-फडकं सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं .22 च्या रायफलींना (उल्मची आन्शुट्झ, वाल्थर, बर्मिंगहॅमची बीएसए मार्टिनी इंटरनॅशनल) आणि 10 मीटरच्या एअर रायफलींना लागू आहे. एअर रायफलींत फाइनवेर्कबाऊ 300एस या मॉडेलवर जरा जास्त थांबलो आहोत, कारण जुन्या मॅच एअर रायफलींत संग्राहकांचा सगळ्यात जास्त जीव याच रायफलीत असतो आणि तिचं नुकसानही सहज होतं.

परवान्याचं आधी

.22 ची रायफल हे कायद्याने अग्निशस्त्र आहे, मग ती वीस वर्षं कपाटात पडून का असेना. परवानाधारक वारला असेल तर वारसांनी ती घरात ठेवून कागदपत्रांची वाट बघायची नाही. आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. पावतीवर मेक, मॉडेल, कॅलिबर आणि सिरियल नंबर स्पष्ट लिहून घ्या. उरलेल्या गोळ्याही त्याच वेळी जमा करा आणि त्यांची संख्या लिहून घ्या. साईट, स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा), हँडस्टॉप यांसारखे सुटे भाग वेगळ्या यादीत टाका, कारण जमा केलेली रायफल परत घेताना सगळ्यात जास्त घोळ या सुट्या भागांचाच होतो. जमा करताना प्रत्येक बाजूचे फोटो काढून ठेवा.

वारसाच्या नावाने परवान्याचा अर्ज जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे जातो. परवानाधारक हयात असेल तर शस्त्र नियम 2016 मध्ये एक उपयोगी तरतूद आहे: वयाची 70 वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसासाठी हस्तांतराची प्रक्रिया सुरू करू शकतो. घरात ज्येष्ठ नेमबाज असेल तर हे काम त्यांच्या डोळ्यांदेखत उरकणं सगळ्यात चांगलं. त्यांची सही मिळते आणि रायफलीबद्दल विचारायलाही ते समोर असतात.

4.5 मिमी बोअरच्या आणि 20 जूलच्या आतल्या एअर रायफलीला असा परवाना लागत नाही. 10 मीटरच्या सगळ्या मॅच एअर रायफली यात आरामात बसतात. तरी खरेदीची पावती आणि आयातीचे कागद जपून ठेवा, पुढच्या मालकाला ते लागतात.

रिकामी आहे का, हे प्रत्येक वेळी

रायफल उचलली की नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. बोल्टची असेल तर बोल्ट मागे ओढा आणि चेंबरमध्ये नुसतं बघू नका, करंगळी घालून चाचपा. मार्टिनी असेल तर लिव्हर खाली करून ब्लॉक पाडा आणि आत बघा. मग नळीतून भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घाला. तो नसेल तर मागून पुढून बाहेर दिसेल अशी जाड रंगीत नायलॉनची दोरी चालते. मॅच रायफलीचा ट्रिगर बऱ्याचदा 100 ग्रॅमच्या आसपास लावलेला असतो. बाहीची कड लागली तरी तो सुटतो.

.22 ची रायफल रिकामी चालवून बघू नका. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खाच पाडू शकते. 300एससारख्या स्प्रिंगच्या एअर रायफलीत पेलेट (शिशाची छोटी गोळी) न भरता शॉट मारला तर पिस्टनला हवेची उशी मिळत नाही आणि तो पुढे जाऊन आदळतो.

नोंद: इथे घाई करू नका

लागणारं सामान थोडं आहे: स्टीलची 30 सेंमीची पट्टी, शिंप्याची टेप, व्हर्नियर कॅलिपर, 2बी पेन्सिल, वही, फोन आणि खाली पसरायला जुनी चादर. हातात नायट्राइलचे मोजे घाला. घामातलं मीठ ब्लूइंगवर (पोलादाच्या निळसर-काळ्या थरावर) एका रात्रीत बोटांचे ठसे उमटवतं.

दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, आठ फोटो काढा: डावी बाजू, उजवी बाजू, वरून, खालून, बटप्लेट मागून, मागची साईट जवळून, पुढची साईट जवळून, सिरियल नंबर. साईटच्या फोटोत ड्रमवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. फ्लॅशने ते पांढरे फटक होतात, तेव्हा फ्लॅश बंद ठेवा.

मग मापं. ट्रिगरच्या पात्याच्या पुढच्या कडेपासून बटप्लेटच्या मध्यापर्यंत लांबी. बटप्लेट वर-खाली किती सरकवली आहे, तिच्या खाचेवरची रेघ कोणत्या आकड्याशी आहे. बटप्लेट तिरकी बसवली असेल तर ती चूक समजून सरळ करू नका. कॉलरबोनच्या आकाराला तशीच लागते. गालाची पट्टी नळीच्या मध्यरेषेपासून किती खाली. हँडस्टॉप रेलवर कितव्या आकड्यावर; आकडे नसतील तर ट्रिगर गार्डच्या पुढच्या टोकापासून मिलिमीटरमध्ये. नळीवर वजनं लावली असतील तर प्रत्येकाची जागा आणि ग्रॅम. ट्रिगरचा भार मोजायला ट्रिगर गेज नसेल तर क्लबमध्ये कोणाकडे तरी चाचणी वजन मिळतं.

पुढच्या साईटच्या बोगद्यात इन्सर्ट असतो, बहुतेक वेळा रिंग. तिचं माप, उदाहरणार्थ 3.4, बारीक अक्षरात कोरलेलं असतं. ते भिंगाने वाचून लिहा. पुढच्या साईटचा डबा सापडला तर उरलेल्या इन्सर्टपैकी कोणते घासलेले दिसतात तेही पाहा. नेमबाज उजेडाप्रमाणे दोन-तीन रिंगा आळीपाळीने वापरतात आणि त्या ओळखू येतात.

मागची साईट काढायचीच असेल तर काढण्याआधी रेलवर तिच्या मागच्या कडेला लागून मास्किंग टेपची पट्टी लावा, काढल्यावर माप घ्या आणि टेप लगेच सोडवा. रात्रभर ठेवलेली टेप जुन्या लाकडाचं तेल-पॉलिश सोबत घेऊन येते. साईटचं चाक एका टोकापर्यंत फिरवून क्लिक मोजायची पद्धत सांगितली जाते. जुन्या साईटवर ती करू नका. चाकात मागेपुढे झोल आलेला असतो, परत तितकेच क्लिक फिरवूनही साईट मूळ जागी येत नाही.

स्टॉक आणि नळी जोडणारे स्क्रू उघडायची वेळ आली तर त्याआधी स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढा. हे स्क्रू किती आवळलेत यावर ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, बदलतो.

आता ज्या गोष्टी लोक घाण म्हणून पुसतात त्या. स्टॉकच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आकडे. गालाच्या पट्टीखाली चिकटवलेला कागदाचा तुकडा. 'वरळी 0, बालेवाडी +2, तुघलकाबाद -3' अशा धर्तीची एखादी चिठ्ठी. ही त्या त्या रेंजवरच्या उजेडाची साईटवरची दुरुस्ती असते आणि एका ओळीत त्या माणसाचा सगळा प्रवास सांगते. स्लिंगच्या पट्ट्यावर एक भोक इतरांपेक्षा लांबट झालेलं असतं, तेच वापरातलं भोक. शेवटून कितवं ते मोजा. पिस्तूल ग्रिपवर अंगठ्याच्या जागी लाकूड काळं आणि गुळगुळीत झालेलं असतं. हे सगळं जवळून टिपा आणि आहे तसं राहू द्या. चिठ्ठी सुटत असेल तर ती पारदर्शक पाकिटात घालून फाईलमध्ये लावा, गोंदाने परत चिकटवू नका.

खुणांवरून साल

जर्मन .22 रायफलींवर प्रूफ हाऊसची, म्हणजे बंदुकीची दाबाची चाचणी घेणाऱ्या संस्थेची, खूण असते. उल्मची खूण म्हणजे हरणाचं शिंग. तिच्याजवळ दोन अक्षरं दिसली तर ते प्रूफचं साल: ए म्हणजे 0, बी 1, सी 2, डी 3, ई 4, एफ 5, जी 6, एच 7, आय 8, आणि जे वगळून के म्हणजे 9. म्हणजे 'एचजी' वाचलं की 1976. काहींवर अक्षरांऐवजी सरळ दोन आकडे असतात. बर्मिंगहॅमच्या रायफलीवर मुकुटाखाली बीएनपी ही अक्षरं असली तर प्रूफ 1954 किंवा नंतरचं. जर्मन एअर रायफलीवर पंचकोनात एफ असेल तर ती 7.5 जूलच्या मर्यादेतली आणि 1970 च्या आसपासची किंवा नंतरची.

खूण वाचताना सॅंडपेपर, ब्रासो यांतलं काही लावू नका. टॉर्च तिरका धरला की अक्षरं उठून दिसतात.

रायफलीच्या पेटीत कारखान्याचं टेस्ट टार्गेट सापडलं, म्हणजे एकाच भोकासारखा दिसणारा ग्रुप आणि त्यावर सिरियल नंबर, तर ते सोन्यासारखं जपा. नंबर रायफलीशी जुळतो का ते आधी बघा. जुळत नसेल तर नळी किंवा ॲक्शन (गोळी झाडणारी यंत्रणा) बदललेली असू शकते.

स्कोरवरून साल

जुन्या स्कोरशीटवर बहुतेक वेळा तारीख नसते. पण आकडा बोलतो. महिलांची 10 मीटर एअर रायफल 2017 पर्यंत 40 शॉटची होती, 2018 पासून ती पुरुषांसारखी 60 शॉटची झाली. 2013 पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीत दशांश आले. म्हणून 400 पैकी 394 असा पूर्णांकातला महिलांचा स्कोर 2013 च्या आधीचा. 415 सारखा दशांशातला असेल तर 2013 ते 2017, कारण तेव्हाची कमाल 436 (40 × 10.9) होती. आणि 620 च्या वर दिसला तर 2018 किंवा नंतरचा, कमाल 654. पुरुषांत 600 पैकी 590 आणि 625.3 असा फरक दिसतो.

यात एक फसगत आहे. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांत आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांच्या) आणि एनआर (देशांतर्गत नियमांच्या) अशा वेगळ्या गटांच्या स्पर्धा असतात आणि वरचा हिशोब आयएसएसएफचा आहे. शीटच्या कोपऱ्यात एनआर लिहिलं असेल तर त्यावरून साल काढू नका. शिवाय 1989 मध्ये टार्गेटची वर्तुळं लहान झाली. त्याआधीचा स्कोर नंतरच्या स्कोरशी थेट ताडून 'बाबा जास्त चांगले होते' किंवा 'कमी होते' असं ठरवणं दोघांवर अन्याय आहे.

'मावळंकर' असं लिहिलेलं दिसलं तर ती राष्ट्रीय स्पर्धेआधीची ऑल इंडिया जी. व्ही. मावळंकर स्पर्धा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर हेच 1951 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे संस्थापक. खूप जणांच्या फाईलमधलं पहिलं प्रमाणपत्र याच स्पर्धेचं असतं.

कागदी टार्गेट पारदर्शक पाकिटात, एका पाकिटात एक. स्टेपलर पिना काढून टाका, त्यांचा गंज भोकांभोवती पसरतो. लॅमिनेशन करू नका. भोकांच्या कडेला शिशाची राखाडी पूड असते, हात धुवा. आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवरून निघालेल्या लांब पट्ट्या सगळ्यात आधी स्कॅन करा, 600 डीपीआयला. त्या थर्मल कागदावर असतात, एटीएमच्या पावतीसारख्या उडून जातात, आणि प्लास्टिकच्या पाकिटात तर आणखी लवकर. राष्ट्रीय स्पर्धेची पट्टी कोरी झालेली सापडणं ही या कामातली नेहमीची हळहळ आहे.

माणसाला विचारताना

रायफल टेबलावर चादरीवर ठेवा आणि ती वापरलेल्या नेमबाजाला समोर बसवा. 'जुन्या आठवणी सांगा ना' म्हटलं की चार ठरलेली वाक्यं येतात आणि गप्पा संपतात. त्याऐवजी तुम्ही टिपलेल्या मापांवरूनच विचारा. काका, हँडस्टॉप इथून इतका पुढे कधी नेला? ही वजनं कोणी सुचवली? स्टँडिंगला वेगळी गालपट्टी होती का? 3.4 ची रिंग कोणत्या रेंजवर? उत्तर हाताने येतं: ते रायफल धरतात, गाल टेकतात आणि मग बोलायला लागतात. तेवढ्यासाठी रायफल रिकामी असल्याची खात्री त्यांच्यासमोर पुन्हा करा. जुन्या नेमबाजाला ते आवडतंच.

फोनवर रेकॉर्डिंग करा, एका बैठकीला अर्धा तास पुरे. पंखा बंद ठेवा. सुरुवातीलाच तारीख, नाव आणि सिरियल नंबर बोलून घ्या म्हणजे पुढे फाईलींची सरमिसळ होणार नाही. विचारायलाच हव्यात अशा गोष्टी: रायफल कोणाकडून आणि किती रुपयांना आली, आयात कशी झाली, त्याआधी क्लबची कोणती रायफल वापरत होते, कोणत्या कंपनीचे पेलेट किंवा गोळ्या आणि कोणता लॉट, कोच कोण, सोबत शूट करणारे कोण. एनसीसीपासून सुरुवात झाली असेल तर तिथली .22 आणि ही यांतला फरक पहिल्या दिवशी कसा जाणवला, हेही विचारा. महाराष्ट्रात एनसीसीतून नेमबाजीकडे वळलेली खूप मंडळी आहेत, अंजली भागवत त्यांतल्याच.

सांगितलेला स्कोर आणि शीटवरचा स्कोर जुळला नाही तर दोन्ही लिहा, कोणता कुठून आला तेही लिहा. समोर बसून दुरुस्त करत राहिलात तर पुढचं बोलणं आटतं.

300एस: उघडण्याआधी तपासा

जर्मनीतल्या ओबर्नडोर्फची ही रायफल 1970 च्या दशकात 10 मीटरवर राज्य करत होती. बाजूचा लिव्हर ओढून ती कॉक होते, म्हणजे आतली स्प्रिंग दाबली जाते. शॉट सुटताच सगळी ॲक्शन स्टॉकमधल्या रुळांवर काही मिलिमीटर मागे सरकते, त्यामुळे धक्का खांद्यापर्यंत पोचत नाही. आत एकमेकींच्या उलट पिळाच्या दोन स्प्रिंगा असतात, म्हणजे शॉटच्या वेळी रायफल पिळवटत नाही.

लिव्हर पूर्ण मागे ओढा आणि पेलेट भरताना दुसऱ्या हाताने तो धरूनच ठेवा. सरकणारा चेंबर स्प्रिंगच्या जोराने पुढे आला तर बोट जातं. कॉक केलेली रायफल तशीच ठेवू नका.

पेलेट मॅचचाच घ्या: सपाट डोक्याचा, 4.5 मिमी, साधारण 0.53 ग्रॅमचा. पांढरी भुकटी आलेले जुने पेलेट मारू नका, डबा मात्र लॉट नंबरासकट ठेवा. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) दहा शॉट घ्या. रायफल धडधाकट असेल तर वेग 170 ते 185 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास येतो आणि दहा शॉटांत फारसा हलत नाही. 140 पर्यंत उतरला, किंवा शॉटागणिक वर-खाली होत असला, तर आधी ब्रीच सील (नळीच्या मागच्या तोंडाशी हवा अडवणारी चकती) बघा. पेलेट भरून, त्या सांध्यावर बाहेरून टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवून शॉट घेतला आणि ती उडाली, तर हवा तिथून गळते आहे. सील ठीक असूनही वेग नसेल आणि नळीतून पिवळसर मेणचट कण येत असतील, तर पिस्टनच्या पुढचा बफर विरघळला आहे. त्या काळचं सिंथेटिक वयानुसार आपोआप कुजतं, रायफल वापरली नसली तरी. अशा वेळी शूटिंग लगेच थांबवा. धातू धातूवर आदळायला लागतो आणि दुरुस्ती किरकोळ न राहता पिस्टन-सिलिंडरपर्यंत जाते.

खांद्याला अचानक धक्का जाणवू लागला तर रूळ अडकले आहेत. बहुतेक वेळा कारण वाळलेलं ग्रीस असतं. रूळ पुसून अगदी पातळ ग्रीसचा हात द्यायचा. स्प्रिंग काढणं घरचं काम नाही, कॉम्प्रेसरशिवाय तर नाहीच. आर्मररकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) न्या आणि निघालेले जुने भाग परत मागून घ्या. ते फाईलसोबत राहू द्यात. कॉम्प्रेशन चेंबरमध्ये साधं मशीन ऑइल कधीच टाकू नका. दाबाने ते डिझेलसारखं पेटतं आणि सील जळतात.

1990 च्या दशकापासूनच्या, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवाल्या रायफलींत वेगळीच अडचण असते. सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते आणि बहुतेक कंपन्या 10 वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर 200 बारला भरून बघायची हौस जीवावर बेतू शकते. हवा सोडून द्या, सिलिंडर रिकामा ठेवा, शूट करायचं तर नवा घ्या.

सफाई आणि पावसाळा

.22 ची नळी मागून, सळई मधोमध ठेवणारा बोअर गाइड लावून, एकसंध कोटेड सळईने. मार्टिनीत ॲक्शन न काढता मागून सरळ सळई जात नाही, तिथे पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) वापरा. नळीच्या पुढच्या कडेला सळई घासली तर अचूकपणा तिथेच जातो. एअर रायफलीला सफाईचे मऊ फेल्ट पेलेट पुरतात, ब्रश नको.

बाहेरच्या धातूवर बॅलिस्टॉल किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. अक्रोडाच्या स्टॉकला जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब तळहातावर घेऊन चोळा, तासाभराने पुसा. सॅंडपेपर, टचवूड, पॉलिशवाला, तिन्ही वर्ज्य. तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, उघडं पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो.

मुंबई-कोकणात रायफल फोमच्या पेटीत पावसाळाभर ठेवणं म्हणजे तिला ओल्या कापडात गुंडाळणं. फोम दमटपणा धरतो आणि नळीवर फोमच्याच खाचांच्या आकाराचा गंज उमटतो. पेटी फक्त प्रवासासाठी. एरवी कुलपाच्या स्टीलच्या कपाटात, सुती आवरणात, भिंतीला न टेकवता. आत डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि 45 ते 55 टक्क्यांचं लक्ष्य धरा. मध्यम कपाटाला अर्धा किलो सिलिका जेल लागतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास, आणि जून ते सप्टेंबर हे दर पंधरा दिवसांनी. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. चामड्याची स्लिंग रायफलीला लावून ठेवू नका. चामड्यातली ओल शेजारच्या धातूला गंज आणते आणि बुरशी लाकडावर येते.

फाईलच्या दोन प्रती करा. एक रायफलीच्या कपाटात, पण आतल्या दमट कप्प्यात नव्हे; दुसरी दुसऱ्या घरात. रायफल पुढे विकली, वारसाला दिली किंवा क्लबला भेट दिली, तर परवान्याच्या कागदांसोबत मापांचं पान, चिठ्ठ्यांचे फोटो आणि रेकॉर्डिंगही जाऊ द्या. हस्तांतराच्या यादीत 'फाईल, 1' असं सिरियल नंबरच्या खाली लिहून दोघांच्या सह्या घ्या. नव्या मालकाला बट आपल्या मापाला सरकवावीच लागेल, त्याने ती खुशाल सरकवावी. जुनं माप वहीत आहे.